माळसिद्धाला मुखवटा का नाही

जांभूळखोरीच्या टेकडीवरच्या माळसिद्धाला मुखवटा नाही. आसपासच्या देवांना पितळेचे मुखवटे, पिळदार मिशा, मोठाले डोळे. हा मात्र नुसता गुळगुळीत दगड. दर्शनाला आलेल्यांना वाटतं, मुखवटा चोरीला गेला असावा. मग देवळाचे म्हातारे गुरव शंकरबुवा त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि सांगतात ते असं.

फार पूर्वी या गावात गोंदाजी नावाचा बहुरूपी येत असे, म्हणे. रोज नवं सोंग. तो हवालदार होऊन आला की पाटलांची गडीमाणसं खरोखर उठून उभी राहत. सोंगं संपली की शेवटच्या दिवशी बहुरूप्याने रंग पुसून मूळ रूपात चावडीवर यायचं आणि गावाकडून धान्य मागून घ्यायचं, असा नेम होता. मूळ रूपात न येणारा फसवा; त्याला पुन्हा शिवेच्या आत घेत नसत. गोंदाजीचं घर याच धान्यावर चाले.

त्या वर्षी तो नेमाप्रमाणे तोंड धुऊन चावडीवर आला. लोक खूश झाले.

"हे सोंग नवं दिसतंय," पाटील म्हणाले. "कुणाचं म्हणायचं?"

"सोंग न्हाई पाटील. म्या गोंदाजी हाय."

सगळे हसले. चाल हवालदाराची, हसणं वाण्याचं, हात जोडणं गोसाव्याचं; यात गोंदाजी कुठला? पाटलांना मात्र ही थट्टा रुचली नाही. "उद्या मूळ रूपात ये," ते म्हणाले. "न्हाईतर या गावात पाऊल टाकू नगंस."

गोंदाजी पुरता गोंधळला. पालावर येऊन बायकोला, ठकूला म्हणाला, "म्या चालतो कसा, सांग बरं."

तिने जरा विचार केला. "कुठल्या सोंगात?"

तो चालून बघू लागला, तर प्रत्येक पाऊल दुसऱ्या कुणाचं तरी निघे. बोलला तर आवाज उसना. लहानपणी आपण कसे हसत होतो ते आठवलं, तर तेही आईसारखं. शेवटी बिचारा रडू लागला आणि मध्येच लक्षात आलं, हे रडणं आपण घेतलेल्या विधवेच्या सोंगातलं. त्याला रडायचीही चोरी झाली.

तशाच अवस्थेत तो टेकडी चढला. त्या वेळचा गुरव देवाचा मुखवटा उतरवून चिंचेने घासत बसला होता. गाभाऱ्यात उरला होता नुसता दगड. गोंदाजीला भीतीच वाटली.

"मुखवटा काढल्यावर देव कुठं जातो?"

"जातोय कुठं? मुखवटा आमी चढवला. देव त्याच्या आधीपासनं हितं हाय," गुरव म्हणाला आणि घासत राहिला.

गोंदाजी तिथेच बसला. हवालदाराचं सोंग आलं आणि गेलं, ते पाहिलं कुणी? हे रडणं उसनं आहे, हे ओळखलं कुणी? त्या ओळखणाऱ्याला ना चाल होती ना आवाज, आणि इतक्या सोंगांत तो एकदाही बदलला नव्हता. हे उमगलं तशी त्याची भीती गेली, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी तो तसाच चावडीवर गेला. तीच चाल, तेच हात जोडणं.

"आज कुणाचं सोंग?" पाटलांनी विचारलं.

"गोंदाजीचं. लई वरसं घेतलंय. काल त्येच मूळ रूप समजून आलो, ती माजी चूक."

"मग मूळ रूप कुठाय?"

"त्याला रूपच न्हाई, तर दावू कसं? तुमी बी पाटलाच्या सोंगात शोभून दिसता."

हा फसवा की खरा, कुणालाच ठरवता येईना. पाटलांनी नकळत पागोटं चाचपलं, गोंदाजीला धान्य द्यायला सांगितलं आणि देवाला पुन्हा मुखवटा चढवू नका, असा निरोप टेकडीवर धाडला. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही म्हणे.

आजही गाभाऱ्यात जाण्याआधी माणूस उंबऱ्याशी थांबतो, आपलं नाव घेतो आणि म्हणतो, 'अमक्याचं सोंग घेऊन आलोय.' शंकरबुवाही रोज म्हणतात. तुम्हाला तरी याचा अर्थ कळला का, असं कुणी विचारलं की म्हातारा अडखळतो.

"शंकर गुरवाला न्हाई कळला," तो म्हणतो. "आन् कळंल कसा? त्योच तर सोंग हाय."