इंद्रवज्र कोणाचे?

सह्याद्रीतल्या एका उंच कड्यावर एक गाव होते आणि त्या गावात हैबती नावाचा फोटोवाला राहत होता. बारशापासून लग्नापर्यंत गावातले सगळे फोटो त्याचेच. आपल्याएवढा चांगला फोटो पंचक्रोशीत कोणाला काढता येत नाही, असे तो स्वतःच सांगत फिरे. दुसऱ्या कोणाला कशाला तसदी!

त्याला ध्यास होता तो इंद्रवज्राचा. श्रावणातल्या सकाळी पाठीशी ऊन आणि कड्याखालच्या दरीत धुके असले, तर त्या धुक्यावर क्वचित इंद्रधनुष्य उमटते. अर्धे नव्हे, बांगडीसारखे पुरते गोल. त्याला इंद्रवज्र म्हणतात.

नागपंचमीला हैबतीची थोरली बहीण ठकूताई माहेरी आली. तिच्याकडे नवा फोन होता. हैबती तिला हौसेने कड्यावर घेऊन गेला.

"ताई, सूर्य पाठीमागे ठेव. भिंगावरचं दव पूस. हात हलू द्यायचा नाही, आणि कंटाळायचं तर मुळीच नाही," त्याने बजावले. दोघेही वाट बघत बसून राहिले.

ऊन वर आले आणि दरीत इंद्रवज्र उमटले. रंगांचे ते वलय धुक्यावर तरंगत होते आणि त्याच्या बरोबर मधोमध हैबतीच्या डोक्याची सावली होती. तसबिरीतल्या देवाभोवती असते तसे तेज आपल्याभोवती पाहून त्याच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. शेजारी ताईची सावली साधीच दिसत होती. दोघांनी फोटो काढले आणि धुके विरले.

घरी शेजारीपाजारी जमले. ठकूताईने आपला फोटो दाखवला. त्यात वलय तिच्या डोक्यावरच्या पदराभोवती होते! हैबतीचा पारा चढला.

"ताई, हे तू फोनमध्ये बनवलंस. वलय माझ्या डोक्याभोवती होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मीही डोळ्यांनीच पाहिलं रे."

"साफ खोटं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पिशवी भरली. "जिथे माझ्या शब्दाला किंमत नाही, तिथे मी पुन्हा पंचमीला यायची नाही," एवढेच ती म्हणाली. ती हैबतीची एकुलती एक बहीण होती. तरी 'चुकलो' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना.

तो तिला पोचवायला निघाला. वाट कड्यावरूनच जात होती आणि दरीत पुन्हा इंद्रवज्र उमटले होते. आजही वलयात त्याचीच सावली! "बघ" म्हणून तो वळला, तर ताई दरीकडे बघत हात जोडून उभी होती.

"कोणाभोवती दिसतंय तुला?" त्याने विचारले.

"माझ्याच."

हैबतीने तिला बाजूला केले आणि तो तिच्या जागी उभा राहिला. वलय त्याच्यासोबत सरकले. ताई त्याच्या जागी गेली आणि उद्गारली, "अरे, माझं माझ्याबरोबर आलं की इकडे!"

हैबती थक्क झाला. दरी तीच, धुके तेच, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला आपापले वेगळे वलय! सारा गाव कड्यावर येऊन उभा राहिला, तरी प्रत्येकाला आपलेच दिसणार. दुसऱ्याचे कोणालाच दिसणार नाही. एवढी मोठी नवलाई आपल्या गावच्या दरीत आहे, या विचाराने त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"ताई, तुझं इंद्रवज्र मला माझ्या डोळ्यांनी कधीच दिसायचं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "ते फक्त तुझ्या फोटोत आहे. चुकलो मी. पुन्हा दाखवतेस?"

ताईने फोन पुढे केला. वलयात तिची सावली होती. शेजारी, रंगांच्या बाहेर, आणखी एक लहानशी काळी सावली होती. ती आपली आहे हे ओळखायला हैबतीला जरा वेळच लागला. मग त्याने ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघेही घराकडे परतले.

तात्पर्य: आपल्याला दिसले तेवढेच खरे मानू नये. आपला फोटो जगाला जरूर दाखवावा, पण दुसऱ्याचाही तितक्याच आदराने पाहावा. त्याच्या डोळ्यांना काय दिसले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.