इनासमामांचा अंगठा

“मग अजून माझं कमी काय पडतंय, मामा?”

जसिंताने हे विचारलं तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत मैदा लागलेला होता. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटायला अजून तासभर होता. मिस्सा सुटली की सगळं गाव डोनट घ्यायला बेकरीच्या दारात येणार.

इनासमामा कढईतलं तेल बघत राहिले…

दुसऱ्या दिवशी ते लेकीकडे नाशिकला निघणार होते, कायमचेच. बेकरी जसिंताच्या हाती द्यायची की दाराला कुलूप लावायचं, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

सहा वर्षं ती त्यांच्याजवळ उभी राहून शिकली होती. साचा वापरायचा नाही, गोळ्यात अंगठा खुपसून भोक पाडायचं, ही मामांची रीत. त्यांचा डोनट एका बाजूने बारीक, दुसरीकडे जाड. गाव तो लांबूनही ओळखायचं.

“दोघांचे डोनट एका ताटात ठेवा,” ती म्हणाली. “तुमच्या लेकीलासुद्धा वेगळे काढता यायचे नाहीत.”

“ते खरंय. तू तर तेलात सोडण्याआधी माझ्यासारखी खोकतेससुद्धा.”

जसिंता हसली नाही.

“कर बघू एक,” मामा म्हणाले.

तिने गोळा घेतला. अंगठा आत मुडपला, मनगट तिरकं केलं आणि भोक पाडलं. ते वळण आता हातात बसलं होतं. थंडीच्या दिवसांत सांधा ठणकायचा, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तेलात डोनट फुलला आणि बारीक बाजूला तडकला. मामांचेही दहातले दोन तडकायचेच. तिला त्याचंही समाधान होतं.

मामांनी फडक्याला हात पुसले. उजवा अंगठा तिच्यासमोर धरला आणि डाव्या हाताने तो सरळ करायला गेले. अंगठा पेरापाशीच अडला.

“माझा लहानपणी भट्टीच्या दारात चेंगरला,” ते म्हणाले. “तुझा कशात चेंगरला?”

…

जसिंताने स्वतःचा अंगठा ताणून बघितला; तो सहज सरळ झाला. मग तिने दुसरा गोळा घेतला. अंगठा सरळ ठेवला. सवय नव्हती. भोक मात्र मधोमध पडलं.

तो डोनट सगळीकडून सारखा फुगला, सारखा तांबूस झाला. तिने तो झाऱ्यावर काढला आणि तिचा चेहरा उतरला.

“मामा… लोक म्हणतील, हा तुमचा नाही.”

मामांनी फुंकर घालून डोनट मोडला. अर्धा सावकाश चावून खाल्ला, अर्धा तिच्या हातावर ठेवला. मग खिशातून बेकरीची किल्ली काढून तिच्यापुढच्या मैद्यात ठेवली.

“खरं तेच म्हणतील.”