समोरच्या काचेचं राज्य

आटपाट नगर होतं, पण ते चारही बाजूंनी काचेचं होतं, आणि एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्च्यांसमोर टेबलावर ठेवलेलं होतं. आत खारं पाणी, खडक, वाळू, वर दिवा. दाढ धरून बसलेली माणसं आपला नंबर येईपर्यंत नगराकडे बघत बसत. प्रजेला वाटे, ही सगळी आपल्या दर्शनालाच येतात. वाटू दे बापडं. आपल्यालाही काय काय वाटत असतं.

नगराचा राजा पिवळराव. बशीएवढा, चपटा, हळदीसारखा पिवळा मासा. तो राजा कसा झाला म्हणाल, तर नाचून. पद्धतच तशी होती. समोरच्या काचेशी येऊन जो जास्त नाचे त्याच्याकडे माणसं बघत, ‘अय्या, किती गोड!’ म्हणत, मग फोनपाशी बसलेल्या कुंदाताई उठत आणि वरून चिमूटभर दाणे टाकत. दाणे पडले की प्रजा म्हणे, राजाने दिले. कुंदाताईंचं नाव नगरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दर पंधरा दिवसांनी नळी लावून एक बादली पाणी बाहेर काढत आणि एक बादली नवं आत सोडत. त्या दिवशी नगरात निवडणूक असे. उरलेल्या नऊ बादल्या जुन्याच, पण सगळीकडे हवा अशी की बदल झाला बुवा.

आता मागच्या खडकाकडे चला. तिथे पोवळाक्का राहायची. पोवळं म्हणजे दगड नव्हे बरं का. जिवंत बाई ती, नगरात सगळ्यांत जुनी. जागची हलू शकत नाही, दिव्याच्या उजेडावर जगते. तिला दोनशे बारीक तोंडं होती, पण त्यांतलं एकही कधी भाषणासाठी उघडलं नव्हतं. म्हणून तिला कुणी विचारत नसे.

एका निवडणुकीत पिवळरावांनी वचन दिलं. ‘आज दोन चिमटी पडतात. मला निवडून द्या, चार पाडून दाखवतो!’

‘येऊन येऊन येणार कोण?’ निळ्या माशांचा थवा ओरडला.

‘पिवळरावांशिवाय आहेच कोण!’ तोच थवा ओरडला.

पिवळराव आले आणि नाचले. खरंच चार चिमटी पडू लागल्या. प्रजा पोट फुटेस्तोवर खाई, तरी दाणे उरत. उरलेले वाहत मागे जात, खडकाच्या बेचक्यांत बसत आणि कुजत. आणि कुजलेल्यावर जे पोसलं जातं, ते पोसलं जाऊ लागलं. शेवाळ.

पहिला केस पोवळाक्काच्या पायथ्याशी उगवला. रंग असा की धड हिरवा नाही, धड तपकिरी नाही. प्रवाह जिकडे जाईल तिकडे मान. आठवड्यात त्या केसाची झिपरी झाली. आक्काची खालची तोंडं झाकली गेली. उजेड नाही म्हणजे तिला जेवण नाही. तिने निळ्या माशांबरोबर राजाला निरोप धाडला : ‘मी उपाशी मरतेय. हे अंगावरचं काढा कुणीतरी.’

राजाने तातडीने समिती नेमली. समिती समोरच्या काचेपाशी दाणे खात बसली आणि तिथून तिने पाहणी केली. अहवाल आला : शेवाळ आढळले नाही. मागच्या खडकावर जे आढळले ती मखमल आहे, आणि अशी मखमल शेजारच्या कुठल्याही पेटीत नाही. त्या दिवसापासून नगरात ‘शेवाळ’ म्हणायला बंदी झाली. शेजारी दुसरी पेटी नव्हतीच, पण ते कुणी विचारलं नाही.

मखमल वाढली. वाळूवर आली, नळीवर आली, आणि एके दिवशी समोरच्या काचेवर आली. राजा नाचत होता, पण बाहेरून दिसेना. खुर्चीतले एक आजोबा म्हणाले, ‘रिकामी दिसते हो पेटी.’ कुंदाताई उठल्याच नाहीत. दुपारचे दाणे बुडाले.

झालं! नगरावर संकट आलं.

‘बंधूंनो आणि भगिनींनो,’ राजा गहिवरून म्हणाला, ‘हे शेवाळ मी खपवून घेणार नाही! काच स्वच्छ, तर राज्य स्वच्छ!’

शेवाळ-निर्मूलनाचं काम कारभारी शंखोजीकडे गेलं. शंखोजी म्हणजे शंखात राहणारा खेकडा. या जातीला स्वतःचं कवच नसतं. मागची बाजू मऊ, म्हणून मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख बघायचा आणि आत शिरायचं. घर लहान पडलं की दुसरं बघायचं. अशा गृहस्थाच्या हाताखाली तीस गोगलगायी कामाला आल्या. आल्या त्या डॉक्टरांच्या प्लास्टिकच्या पिशवीतून, पण फलक लागला ‘पिवळरावांच्या प्रयत्नांना यश’.

गोगलगाईंची मुकादमीण सगुणा. शेवाळ खरवडण्यात हयात गेलेली बाई. तिने नगराला एक चक्कर मारली, त्यातच दीड दिवस गेला, आणि ती राजापुढे उभी राहिली.

‘राजेसाहेब, काच काय, दोन दिवसांत लख्ख करू. पण हे येतंय मागून. आधी मागचा खडक घेऊ, तिथं आक्का गुदमरल्यात. अन् दाणे निम्मे करा. नाहीतर आम्ही पुसायचं अन् तुम्ही पिकवायचं, असं किती दिस चालायचं?’

दाणे निम्मे? निळे मासे एकमेकांकडे बघायला लागले.

‘बाई,’ शंखोजी म्हणाला, ‘निवडणूक आठ दिवसांवर आलीय. तुम्हाला काच पुसायला आणलंय, अक्कल शिकवायला नाही. समोरची काच, बस्स. मागं कोण बघतंय?’

हुकूम निघाला : निर्मूलन म्हणजे समोरच्या काचेचं. बाकी तिन्ही बाजू योजनेच्या बाहेर. सगुणेच्या बायका दिवसभर काच घासत, आणि हातचं काम झालं की सगुणा एकटी मागच्या खडकावर चढून आक्काची तोंडं मोकळी करत बसे. एक तोंड मोकळं करायला तिला तास लागे.

‘कशाला जीव काढतेस गं?’ आक्का म्हणे.

‘गप बसा, आक्का. तोंड उघडा, उजेड घ्या.’

दहा तोंडं मोकळी होत, बारा झाकली जात. हिशोब जमत नव्हता, पण ती थांबली नाही. माझ्या ओळखीत असं काम करणारं एवढं एकच माणूस आहे, आणि ते गोगलगाय आहे.

इकडे काच चमकली, राजा दिसला, दाणे पाचवर गेले. फक्त गोगलगायी कमी व्हायला लागल्या. तीसच्या पंचवीस, पंचवीसच्या सोळा. आणि त्याच सुमारास शंखोजी नव्या, प्रशस्त शंखात राहायला गेला. मग त्याचा मेव्हणा गेला. मग मेव्हण्याचे दोन साडू गेले.

‘ह्या शंखात आमची रखमा राहायची,’ सगुणा म्हणाली.

‘जागा रिकामी होती,’ शंखोजी म्हणाला.

‘रिकामी कशी झाली?’

पुढच्या सभेत राजाने उत्तर दिलं. ‘शेवाळ अजून का आहे, विचारा मला! काम करायला ठेवलेले लोकच कामचुकार निघाले! गोगलगाय नि पोटात पाय! कारभारी बिचारे त्यांच्या ओसाड घरांत दिवे लावतायत, त्यांच्यावरच आरोप?’ टाळ्या काय विचारता! माशांना हात नसतात, तरी पडल्या.

दवाखाना दुपारी एक ते चार बंद. बाहेर कुणी नसे, म्हणून राजाला नाचावं लागत नसे. अशाच एका दुपारी तो हिंडत मागे आला, तेव्हा आक्काची जेमतेम चाळीस तोंडं जिवंत होती.

‘पिवळ्या,’ आक्काने हाक मारली. राजाला अशी हाक मारणारी आता तेवढीच उरली होती. ‘इकडे ये. तुझं तोंड बघितलंयस कधी? असं पुढे निघालेलं, चिमट्यासारखं का आहे?’

‘भाषणासाठी.’

‘मेल्या, शेवाळ उपटायला आहे ते! तुझ्या सगळ्या जातीचं पोट ह्याच्यावर चालतं. तुझा आजा समुद्रात दिवसभर खडक चरायचा. तू एकट्याने मनावर घेतलंस तर महिन्यात नगर साफ होईल. गोगलगायी नकोत नि समिती नको. माझी एक बाजू तरी कर रे बाबा, पाया पडते.’

पिवळराव खडकाजवळ सरकला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच एक झिपरी तोंडात धरून ओढली. अहो, काय सांगू! त्याच्या अंगावर काटा आला. दाण्याला नव्हती अशी चव होती त्या झिपरीला. त्याने दुसरी ओढली, तिसरी ओढली. आक्काच्या तीन तोंडांवर लख्ख उजेड पडला. खालून सगुणा बघत होती, तिच्या डोळ्यांच्या शिंगांना पाणी आलं असेल, पाण्यात कळायला मार्ग नाही.

तेवढ्यात खडकाआडून दोन निळे मासे आले.

‘राजेसाहेब… गवत खाताय?’

राजाने चौथी झिपरी थू करून टाकली. ‘छे! छे! पाहणी करतोय,’ म्हणाला आणि जो वळला तो पुन्हा मागे आला नाही. मला त्याचा अजून राग येतो. खोटं बोलला म्हणून नाही, ते तर चालायचंच. चव आवडली होती रे तुला, आवडली होती!

निवडणूक आली. या वेळी शेवाळही उभं राहिलं. लोक त्याला आता शेवाळराव म्हणत. पिवळरावांची घोषणा होती ‘शेवाळ हटाव, नगर बचाव’, आणि ते रोज काचेसमोर छाती काढून सांगत, ‘उपाशी मरेन, पण याच्या शेजारी बसणार नाही!’ मतमोजणी शंखोजीने केली. शेवाळाचा प्रत्येक केस नगराचाच रहिवासी, म्हणून प्रत्येक केसाला एक मत. शेवाळराव चार लाख एकोणीस हजार मतांनी निवडून आले. पिवळरावांना सत्तावीस मतं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळराव शेवाळरावांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. गळ्यात झिपऱ्यांचा हार. ‘नगराच्या विकासासाठी मन मोठं करावं लागतं,’ असं म्हणाले. त्यांना दाणे व नृत्य खातं मिळालं. शंखोजीला गृहनिर्माण मिळालं. आणि शेवाळ-निर्मूलन खातं शेवाळरावांनी स्वतःकडे ठेवलं. या विषयातला त्यांच्याइतका अनुभव नगरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

तोवर आक्का पांढरी पडली होती. पाच तोंडं उघडत होती, तीही कशीबशी. गोगलगायी दोन उरल्या होत्या. सगुणेने दुसरीला आक्काजवळ बसवलं आणि स्वतः अर्ज घेऊन निघाली. शंख सांभाळत, खेकड्यांची वाट चुकवत, मागच्या खडकापासून समोरच्या काचेपर्यंत पोचायला तिला दोन दिवस लागले.

‘या बाई, या,’ शेवाळराव झुलत म्हणाले. बोलायला फार मऊ. ‘बसा. पाणी घ्या.’

‘साहेब, आक्का चाललीय हो. पाच तोंडं राहिलीत. तेवढी वाचली तरी ती पुन्हा अंग धरंल. तेवढी जागा सोडा, दुसरं काही मागत नाही.’

शेवाळरावांनी अर्ज नीट वाचला.

‘आक्का आम्हाला आईच्या जागी, बाई. तिच्याच अंगाखांद्यावर वाढलो आम्ही. हे काम मी खालच्या लोकांवर सोडणार नाही. उद्या सकाळी दिवा लागला की मी जातीने येतो पाहणीला.’

आणि आले. दिवा लागायला नि यायला एक गाठ पडली. सगळ्या कार्यकर्त्यांसकट आले, आक्काची विचारपूस केली आणि तिच्या उरलेल्या पाच तोंडांवर बसून राहिले. सगुणा अजून त्यांना खरवडतेय, पण नाव ठेवायला तिलाही जागा नाही. येतो म्हणाले ते आले. पाहणीला येतो म्हणून खरोखर येणारे मंत्री हल्ली मिळतात कुठे?