दलाल कुठं उभा होता

"पण माई, मोठी का छोटी, एवढंच सांगा."

समरजित बाबरने पुन्हा तेच विचारलं.

रेवामाई मठाच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. गडहिंग्लजजवळच्या टेकडीवरचा त्यांचा हा मठ. मठ म्हणायचं ते माईंच्या मानासाठी. चार भिंती, वर कौलं, दारात एक पायरी, संपला मठ.

पाऊस सरला होता. ऊन चांगलं पडत होतं, पण भिंती अजून वाळायच्या होत्या.

समरजित घरांची दलाली करायचा. दलाल म्हटलेलं त्याला खपत नसे, कन्सल्टंट म्हणायचं. जीभ अशी की बोलता बोलता ओसाड माळाची बाग करून दाखवील. त्याला स्वतःचं फार कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांनाही होतं.

"मोठी कशी हाय?" माईंनी विचारलं.

"कंपनी मोठी. कोल्हापुरात काचेचं ऑफिस. शहराशहरांत शाखा. गळ्यात टाय. नोकरीला हो का नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आज हुकलं की हुकलं."

"आन् छोटी?"

"मळगेकाकांची. शिंप्याचं दुकान आणि पिठाची गिरणी, यांच्या मधे. दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते, तिच्यावर काका बसतात. धंदा मला त्यांनीच शिकवला. आता म्हणतात, राहा, पाटीवर तुझं नाव घालतो."

"वर का खाली?"

"खाली. बारीक अक्षरात."

"बारीक का?"

"पाटी लहान आहे, माई."

माई खळखळून हसल्या. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठल्या.

"बरं झालं आलास. मला ह्यो मठ इकायचाय."

"मठ?"

"मीच गिऱ्हाईक. आधी मोठ्या कंपनीवानी दाखीव, मग छोटीवानी. बघू तरी."

समरजितची कळी खुलली. हे तर त्याच्या हातचंच होतं. तो आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. माई बाहेर गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि परक्या बाईसारख्या दारातून डोकावल्या.

"वेलकम, मॅडम. टेकडीवरची एकमेव प्रॉपर्टी. पूर्वेला तोंड. खेळती हवा, आणि थेट आभाळातून उजेड."

कौलं फुटली होती, त्यातून उजेड येत होता हे खरंच.

"शेजार कसा हाय?"

"शेजारच नाही, मॅडम. कुणाची कटकट नाही."

"आगं बाई. एवढ्या झकास घरात ऱ्हाते व्हय मी?" माईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या पुन्हा बाहेर गेल्या. "आता छोटीवानी."

"या माई, बसा. आधी पाणी घ्या, चढून दमला असाल. घरी सगळी बरी आहेत ना? हे बघा, घर साधं आहे. पण इथं माणूस सुखानं राहिलंय. मालकीण देवमाणूस. भावाचं माझ्यावर सोडा, तुमच्या मनाविरुद्ध होणार नाही."

हे त्याने इतकं मनापासून म्हटलं की त्याचाच त्यावर विश्वास बसला.

"कसं वाटलं, माई?"

"दोन्ही झ्याक. आता मला सांग, मोठ्या कंपनीचा माणूस कुठं हुबा व्हता?"

"इथं."

"आन् छोटीचा?"

समरजितने पायांकडे पाहिलं.

"...इथंच."

"सरक."

तो सरकला. त्याच्या मागे भिंतीवर घोंगडीएवढा ओलीचा डाग होता. माती फुगून पोपडे सुटले होते. आता कुठे त्याला पाठीला गार लागलं. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

"मुद्दाम नव्हतो उभा," तो म्हणाला. "पाय आपोआप तिथं जातात, माई. धंद्यात सगळ्यांचेच जातात."

"मळग्याचं बी?"

समरजित पाठीला चिकटलेला शर्ट सोडवू लागला.

"काका आत येतच नाहीत. किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि दारात बसून राहतात. म्हणतात, जावा, निवांत बघा. माणूस बाहेर येऊन घरातल्या उणिवा सांगायला लागला की सगळ्या ऐकून घेतात. मग म्हणतात, तुमची एक राहिली, मोरीतली. चला, दाखवतो."

"तू काय समजत व्हतास?"

"मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून बसतात."

माई बाहेर आल्या. पायरीवर बसून त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. शेंग फोडत सहज विचारल्यासारखं विचारलं,

"काल कुणाला घर दावलंस?"

समरजितचा चेहरा उतरला. काल त्याने हत्तरकी बाईंना फ्लॅट दाखवला होता. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, एकट्या, सारा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. निवृत्तीच्या पैशातून पहिलंच घर घेत होत्या. आज टोकन देणार होत्या. एवढा सौदा खिशात घालून काचेच्या ऑफिसात गेलं असतं म्हणजे पहिल्याच दिवशी छाप पडली असती.

त्याने फोन काढला. परत खिशात ठेवला. परत काढला. त्याला मनापासून भीती वाटत होती, आणि ती त्याच्या तोंडावर दिसत होती.

"बाई, मी समरजित बाबर."

"बोल, बाबर." आवाज शाळेतला, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. माईंना पायरीवर बसल्या जागी ऐकू येत होता.

"काल आतल्या खोलीत मी खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून उभा होतो."

"होतास. मी सगळी खोली फिरले, तू हलला नाहीस."

"त्या भिंतीला ओल आहे, बाई."



"बाबर, जिना उतरताना तू माझ्यापुढं होतास. तुझी पाठ ओली होती."

समरजितचा हात आपसूक पाठीकडे गेला.

"मग... तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"जन्मभर मुली शिकवल्या मी. जिला उत्तर येत असतं तिला जरा वेळ द्यावा लागतो. टोकन आज देत नाही. मालकाला सांगून आधी भिंत नीट करून घे. घर मला आवडलंय, ते मी सोडत नाही. भिंत झाली की परत बघायला येते. खोली रिकामी पाहिजे मला, मधे कुणी नको."

"हो, बाई."

"आणि शर्ट बदलून ये."

फोन बंद झाला. समरजितला हसू फुटलं. पोटातून आलेलं, थांबेना असं. त्याला वाटलं, कितीतरी दिवसांत आपण असं हसलो नव्हतो. माईही हसत होत्या. सुपातल्या शेंगा खाली सांडल्या तरी दोघांना त्याचं भान नव्हतं.

हसू ओसरल्यावर तो खाली बसून शेंगा गोळा करू लागला. बोलला तो हळूच, मघासारखा हट्टाने नाही.

"मग माई... मोठी का छोटी?"

माईंनी पायरीवरची टरफलं बाजूला सारली आणि उन्हात त्याच्यापुरती जागा केली.

"पाठ वाळली की इचार."