डोहाळजेवणाचं आमंत्रण

गरोदर ताईला डोहाळे लागले ते आमच्या वावरातल्या वांग्यांचे. वावर खाणीला लागून, मातीत शिसं असणार म्हणून डॉक्टरांनी ती खायला मनाई केलेली.

ग्रामसभेत आम्ही माती तपासायची मागणी केली, तर खाणीच्या साहेबांनी टेबलावर हात आपटला, तशी मी दचकलेच. "माती शुद्ध आहे! तपासणी कशाला हवी?"

आई हात जोडून उठली. "बरं झालं, साहेब. तुमच्या सूनबाईंनाही दिवस गेलेत ना? त्यांचं डोहाळजेवण आमच्याकडे. वांगी, पालक, सगळं याच वावरातलं."

"छे छे, तिला कशाला?" साहेब बोलून गेले आणि सभेत हशा उसळला. तपासणी तिथेच मंजूर झाली.

घरी ताईनं पोटावर हात ठेवून विचारलं, "आई, याला तरी मिळतील का गं ती वांगी?"

साहेबांना गप्प करणाऱ्या आईनं बाजारातून आणलेली वांगी चिरायला घेतली.