जिताड्याची पिल्लं आणि कासवी

फार मागं, खाडीकाठच्या गोड्या तळ्यात एक बिनलेकराची कासवी राहायची. एकदा उधाणानं जिताडा माशाची पोरकी पिल्लं बांधापलीकडच्या खाऱ्या खळग्यात आणून टाकली. कासवीला पान्हाच फुटला.

बांधावरची चिंबोरी खेकडी म्हणाली, “ने गो बाई तळ्यात, पण आधी खळग्यात रोज थोडं थोडं गोडं पाणी सोड. सवय होऊ दे अंगाला.”

“जन्म खाऱ्यात गेला तुझा, तू मला गोड्याचं शिकवतेस?” म्हणत कासवीनं बांधच फोडला. तळं खळग्यात धावलं. पिल्लं उसळ्या मारू लागली.

“बघ, कशी नाचतात!”

चिंबोरीनं डोळे आत ओढून घेतले.

संध्याकाळी सगळी पिल्लं उताणी तरंगत होती.

कासवी अजून रोज त्या रिकाम्या खळग्यात तोंडभर गोडं पाणी नेऊन ओतते. थोडं थोडंच.