पहिला चीक लेकराचा

जिवतीबाई, कान दे, तुझीच गोष्ट तुला सांगते. बायांनो, तुम्हीही ऐका, लेकरं मांडीवर घेऊन ऐका.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक गवळवाडा होता. तिथं भिवा गवळी राहायचा. त्याची आई साळूबाई, बायको चिमा. गोठा भरलेला, पाळणा रिकामा. चिमाला दोनदा मूल झालं, दोनदा बाळंतिणीच्या खोलीतूनच गेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले. मग भिवानं हात जोडले, साळूबाईनं पदर पसरला, चिमानं पोटावर हात ठेवला नि म्हणाली, "एवढं तरी राहू दे गं माय."

नऊ मास भरले, चिमाला मुलगा झाला. त्याच दिवशी गोठ्यातली कपिला गाय व्याली. भिवानं वासरू पुसलं, उभं केलं, कासेला लावलं. उरलेल्या चिकाचा साळूबाईनं खरवस केला, वर वेलची घातली. आणि चिमाचा चीक? तो भिंतीला पिळला. लेकराला मधाचं बोट चाटवलं, साखरेचं पाणी पाजलं. हसू नका बायांनो, आपल्या आज्यांनीही हेच केलं.

दुसऱ्या दिवशी लेकरू मलूल पडलं. रडेना, की हात हलवेना. चिमाचा ऊर ठणकत होता नि डोळे वाहत होते. इतक्यात दारात एक म्हातारी आली. काखेत झोळी, झोळीला खुळखुळा. म्हणाली, "बाळंतिणीच्या घरी काही खायला आहे का?"

साळूबाईनं खरवसाची वाटी पुढं केली. म्हातारीनं हात लावला नाही.

"आधी सांगा, गाईचा पहिला चीक कुणाला दिला?"

भिवा म्हणाला, "वासराला."

"का रे?"

"आजीबाई, एवढं ठाऊक नाही होय? पहिला चीक मिळाला नाही तर वासरू जगत नाही."

"आणि लेकराला?"

भिवानं आईकडे पाहिलं. साळूबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "आमच्यात ती रीत नाही. पिवळा चीक लेकराला बाधतो. माझ्या सासूनं माझा भिंतीला पिळला, मी सुनेचा पिळला."

"तुझी लेकरं किती वाचली गं?"

साळूबाईनं तोंड फिरवलं. तिला हा भिवा तेवढा राहिला होता. ती मटकन खाली बसली नि रडू लागली. "मला कुणी सांगितलंच नाही बाई."

म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुला दोष नाही. जे कानावर आलं ते केलंस. आता नवं ऐक. मी सांगते तो वसा घ्या. पण एकट्या आईनं घेऊन चालायचं नाही, घरानं घ्यावा."

"तो वसा कसा वसावा?"

"लेकरू जन्मलं की पुसावं, आईच्या उराशी द्यावं. पहिला चीक पाजावा, मग अंगावरचंच दूध. वर मध नको, पाणी नको, घुटी नको. लेकरू बसायला लागेल, घासाकडे हात करील, तेव्हा मऊ वरणभात भरवावा, अंगावरचंही चालू ठेवावं. सासूनं सुनेचं ताट आधी वाढावं. नवऱ्यानं पाणी भरावं, लेकरू खांद्यावर घ्यावं, तिला झोपू द्यावं. लेकराचं पोट बिघडलं तर पाणी तोडू नये, वैद्याला बोलवावं. याचं उद्यापन काय? दुसऱ्याच्या घरी पाळणा बांधतील तिथं जाऊन सांगावं. न बोलावता जावं, हाकललं तरी जावं. ते होईल तेव्हा मी खरवस खाईन."

एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. साळूबाईनं हात जोडले, "ही तर जिवतीच!" वाटी तशीच राहिली. मग साळूबाईनं स्वतः लेकरू उचललं नि सुनेच्या उराशी दिलं. लेकरानं चाचपलं, धरलं, चुटूचुटू ओढू लागलं. चिमा रडता रडता हसली. लेकरू बाळसं धरू लागलं, पालथं पडलं, रांगलं, वरणभात तोंडाला फासू लागलं.

इकडे भिवाच्या गोठ्यातलं दूध राजवाड्यात जाऊ लागलं. घरात सुबत्ता आली, आणि वशाचा विसर पडला. भिवा म्हणे, "मला उसंत नाही." साळूबाई सुनेला म्हणे, "आधी ताक घुसळ, मग जेव." चिमाचं ताट शेवटी वाढलं जाई, कधी वाढलंच जात नसे. ती सुकली, दूध आटलं. तशात लेकराला हगवण लागली. शेजारीण म्हणाली, "पाणी तोडा म्हणजे थांबेल." त्यांनी पाणी तोडलं. लेकराचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, रडलं तर डोळ्यांत पाणी येईना, दुपटंही ओलं होईना.

साळूबाईला एकदम म्हातारीनं न खाल्लेली ती खरवसाची वाटी आठवली. "अरे, वसा टाकला रे आपण!" मग तिनं पाणी उकळून निववलं, चिमूटभर मीठ घातलं, साखर घातली, चमच्या चमच्यानं पाजू लागली. चिमाला गरम भात वाढला, लेकरू अंगावर घ्यायला लावलं. भिवानं दुधाच्या चरव्या खाली ठेवल्या. "राजवाड्याचं दूध आज जाईल तेव्हा जाईल," म्हणाला नि वैद्याकडे धावला. वैद्य आला, औषध दिलं, म्हणाला, "पाणी चालू ठेवा."

दिवस कलला. लेकरू साळूबाईच्या मांडीवर होतं. एकाएकी तिचं लुगडं ओलं झालं. ती ओरडली, "मुतला गं माझा राजा, मुतला!" असा आनंद त्या घरानं कधी केला नव्हता.

तोच दारात शिपाई आला. "राणीसाहेब बाळंत झाल्या आणि दुधाचा पत्ता नाही!"

साळूबाई उठली. "दूध मीच घेऊन येते."

पहिल्या दारी पहारेकरी म्हणाला, "काय काम?" "दूध आणलंय." दुसऱ्या दारी दासी म्हणाली, "दूध ठेव नि जा." "निरोपही आहे." तिसऱ्या दारी राजमाता उभी होती. "निरोप कुणाचा?" "जिवतीचा."

आत राणीचा चीक चांदीच्या भांड्यात पिळत होते. लेकरू मधाची चमची चाटत होतं. साळूबाई म्हणाली, "तो टाकू नका, लेकराचा आहे." राजमाता म्हणाली, "आमच्यात ती रीत नाही."

साळूबाई खाली बसली. "मीही हेच म्हणाले होते, आईसाहेब. माझी गेली ती गेली. तुमचं जाऊ नये म्हणून आलेय."

राजमातेनं चांदीचं भांडं बाजूला सारलं. तिचीही लेकरं गेली होती. मग तिनं आपल्या हातानं लेकरू उचललं नि राणीच्या उराशी दिलं.

साळूबाई घरी आली तर उंबऱ्यावर म्हातारी बसलेली. त्या दिवशी कपिलेची बहीण व्याली होती, चुलीवर खरवस होता. म्हातारीनं विचारलं, "पहिला चीक कुणाला?" भिवा म्हणाला, "वासराला." "आणि राजवाड्यात?" साळूबाई म्हणाली, "लेकराला." मग म्हातारीनं खरवस खाल्ला, वाटी बोटानं पुसून खाल्ली.

जशी त्या घरच्या पाळण्याची दोरी हलती राहिली, तशी तुमच्याआमच्या घरची राहो. मोठी कहाणी चार बोलांत सांगितली, ऐकलीत ती पुढं सांगा, म्हणजे सुफळ संपूर्ण.